लोणी मागणारं मांस

माय,

रविवारी मी तुझ्या पद्धतीने सँडविच केले. पावाचे चौकोनी तुकडे तव्यावर एकाच बाजूने भाजले, भाजलेल्या बाजूला लसूण-पुदिन्याचं लोणी लावलं आणि त्यात धाग्याला आडवा कापलेला मांसाचा तुकडा ठेवला. दोन घासांत संपतील एवढे लहान. एकही परत आला नाही. आज शुक्रवार आहे. आमच्या माळ्याला बुधवारी जीपमध्ये बसवून नेलं, तो अजून आलेला नाही. म्हणून लिहिते आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्याशी बोलावं असं मला फारसं वाटलं नाही, हेही सांगते.

तू ही जागा पाहिलेली नाहीस. चोरखमाऱ्याच्या तलावाकडे जाताना धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे एकाने बारा खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं आहे. आश्रमशाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या स्वयंपाकघरात आले. लोक वाघ पाहायला येतात. वाघ दिसला नाही की जेवणाकडे जास्त लक्ष देतात. एरवी काम बरं आहे. ओटा मोठा आहे, खिडकीतून बागेचा तुकडा दिसतो, आणि सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मला इथे कशाची भीती वाटली नव्हती. सहा महिने उगाच लिहिलं. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत वाटली नव्हती.

त्या गुरुवारी मॅनेजर फोन हातात धरून आत आला. गोंदियाचा मुलगा आहे, हिंदीतच बोलतो, मला ताई म्हणतो. मालक रविवारी दुपारी त्यांच्या चाळीस माणसांना बोलावणार होते, हिरवळीवर. काय काय करायचं त्याची यादी फोनवर आली होती. "ताई, स्टेक सँडविच आता है? छोटे छोटे. हर्ब वाला बटर लगा के." मी म्हटलं, येतं. "कहाँ सीखा?" मी म्हटलं, घरी. तो हसला. "घर पे स्टेक! हमारे घर में तो साला आलू-बैंगन।" मग जाता जाता दारातून म्हणाला, "बटर डबल मंगाया है. सर बोले, ये मटन सूखा रहता है."

तो गेल्यावर मी दिवस मोजले. मांस यायला अजून तीन दिवस होते. बोकडाला लोणी लागत नाही. बोकडाची चरबी त्याच्या अंगातच असते, तवा तापला की ती आपणहून सुटते. हे मला तू शिकवलं आहेस. दुप्पट लोणी मागतं ते मांस दुसरं. रविवारी काय येणार आहे ते यादी करणाऱ्याला गुरुवारीच माहीत होतं. म्हणजे ते जनावर गुरुवारी बहुधा जिवंत होतं, तलावाच्या पलीकडे चरत होतं, आणि त्याच्यासाठी लोणी सांगून झालं होतं.

तू रांधायचीस त्या डाकबंगल्यामागचं स्वयंपाकघर मला दिसायला लागतं. टिनाचं छप्पर, दोन चुली, दाराशी पाण्याचा रांजण. पलीकडून मालगाडी गेली की रांजणातलं पाणी थरथरतं. मी बावीस वर्षांची आहे, गोंदियाहून बीए होऊन घरी बसले आहे, आणि तुझ्या हाताखाली कांदे चिरते आहे. तेंदूपत्त्याचा ठेकेदार बंगल्यावर उतरला आहे, त्याच्याबरोबर पाहुणे आहेत, कोणीतरी बंदूक आणली आहे. तुझ्या आधीच्या म्हाताऱ्या खानसाम्याने तुला हा पदार्थ शिकवला होता. त्याला तो स्टेक म्हणायचा, तू पावातलं मटण म्हणायचीस. व्हरांड्यात उभ्याने, एका हातात पेला धरून खाता यावं म्हणून तो लहान करायचा. लोण्यात काय घालायचं ते त्याने सांगितलं होतं ते इथे मिळत नसे. तू तुझ्या मनाने लसूण, पुदिना, सांबार घालायला लागलीस. पुस्तकातल्या भाषेत कोथिंबीर. आमच्या वर्गात मी सांबार म्हटलं की मुली हसायच्या.

त्या दिवशी दुपारी मांस आलं ते पळसाच्या पानांत गुंडाळून. तू पानं उघडलीस, अंगठा दाबून पाहिलास. गर्द लाल, बारीक धाग्याचं, वर चंदेरी पापुद्रा आणि चरबीचा एक टिपूस नाही. मीही हात लावला. मी म्हटलं, "माय, हे बोकडाचं नाही." व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. तू पाट्यावर लसूण वाटत होतीस. उठलीस आणि तोच हात माझ्या तोंडावर दाबलास. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. तू अगदी हळू म्हणालीस, "तुह्या हाताले समजलं ना? मंग तोंडाले कायले सांगतेस?" आणि परत पाट्याशी बसलीस. मग आपण दोघींनी ते केलं. पापुद्रा सोलला, तुकडे ठेचले, मीठ-मिरं लावलं, तवा धूर येईस्तोवर तापवला. एक बाजू, दुसरी बाजू, मग ताटात झाकून ठेवायचं, घाई करायची नाही, रस आत बसू द्यायचा. ठेकेदार दारापर्यंत येऊन म्हणाला, "बाई, क्या हात है." तू पदर पुढे ओढलास. तू खूश झाली होतीस. मी ते पाहिलं. दोन सँडविच उरले होते, एक तू खाल्लास, एक मी. चव फार चांगली होती.

पंधरा दिवसांनी बंगल्यावर लाकडं आणून देणाऱ्या माणसाच्या गोठ्याच्या कुडात चितळाचं कातडं सापडलं. तो आपल्याच टोलीवरचा, चार घरं सोडून राहणारा, जंगलात मोह-तेंदू वेचणारा, घरात बंदूक तर सोड, धड कुऱ्हाड नव्हती त्याच्याकडे. दांडा सैल झालेली कुऱ्हाड तो आपल्याच चुलीपाशी बसून ठोकायचा. बंदूक कोणाची होती ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. जंगलखात्याच्या साहेबाने तुला बोलावलं आणि कागदावर तुझा अंगठा घेतला. कागदात होतं की त्या दिवशी बंगल्यावर बोकड शिजला, आणि लाकडंवाला सकाळी जंगलातून ओझं घेऊन येताना दिसला. पहिलं वाक्य तू सांगितलं होतंस. दुसरं तू सांगितलं नव्हतंस, तुला कागद वाचून दाखवला नाही, असं तू म्हणायचीस. मी त्यावर कधी विश्वास ठेवला, कधी नाही.

त्याची बायको आपल्याकडे आली होती ते तुला आठवत असेल. दाराच्या चौकटीला टेकून बसली, आत आली नाही. "बाई, तुमीच रांधलं ना? तुमाले मालूम असनच. बोकड्या होता का चितळ होता, येवढं सांगा न जी साहेबाले." तू म्हणालीस, "जेव पहिले." भात वाढलास, वर लाखोळीची डाळ. ती म्हणाली, "जेवाले नाही आली मी." तू म्हणालीस, "ऊन होऊन राहिलं, जेव." ती जेवली. तिला भूक होती. जेवल्यावर तिने ताट घासून पालथं घातलं आणि परत तेच विचारलं. तू कोठीत गेलीस आणि ती जाईपर्यंत बाहेर आली नाहीस. मी तिच्यासमोर बसून होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिने काही विचारलं नाही. तिला वाटलं असेल, ही शिकलेली पोरगी, हिला मांसातलं काय कळणार.

अडीच वर्षांनी तो सुटून आला. लाकडं आणायला परत कधी आला नाही. वाटेत भेटला तर तुला आधीसारखाच राम राम करायचा, आणि तू रस्ता बदलायला लागलीस. ठेकेदाराने मला दिलेली भेट म्हणजे माझी नोकरी. तुझा अंगठा झाल्यावर तीन महिन्यांत मला आश्रमशाळेत स्वयंपाकीण म्हणून लावलं. बीए झालेल्या मुलीला स्वयंपाकीण, असं लोक म्हणाले, पण नोकरी पक्की होती. कोणी शब्द टाकला ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पस्तीस वर्षं मी तिथे भात शिजवला. पोरं रांगेत बसायची. त्यात त्याच्या टोलीवरचीही असायची. मी त्यांना डाळ जास्त वाढत असे, आणि त्यात मला बरं वाटत असे.

तू अंथरुणाला खिळलीस त्या वर्षी मी एकदा तुझ्यावर ओरडले. औषध घ्यायला तू नाही म्हणत होतीस, भांडण त्यावरून होतं, पण मी म्हटलं ते भलतंच. "तू त्याला बुडवलंस, माय." तू तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटलं, रडते आहेस. तू रडत नव्हतीस. म्हणालीस, "मले अंगठा मागतला, मी देल्ला. तुले कोनं काई मागतलंच नाही, म्हून तू साफ. तू तं लिहिनं-वाचनं शिकली होतीस वं. तू काऊन नाही बोलली?" मी चमच्यातलं औषध परत बाटलीत ओतलं. पाच दिवसांनी तू गेलीस. हे तुझं माझ्याशी शेवटचं पूर्ण बोलणं. त्याचा मला राग आहे. लिहिताना कळलं, अजून आहे.

आता रविवार. सकाळी माळी मागच्या दाराने आला. हातात टोपली, त्यात पुदिना, सांबार, आणि मालकाने नागपूरहून रोपं आणून लावायला सांगितलेली दोन विलायती झुडपं आहेत, त्यांच्या काड्या. पन्नाशीचा गोंड माणूस, जवळच्याच टोलीवरचा. त्या झुडपांचं तो नाव घेत नाही, गवत म्हणतो. "बाई, हे गवत खायाले लोकं नागपूरवून येऊन राहिले का जी? आमच्या बकऱ्या तं हुंगून सोडून देतेत." मी म्हटलं, "तुझ्या बकऱ्यांना लोण्यात घालून दिलं नसशील." तो म्हणाला, "बकऱ्याइले लोनी, न मले चटनी." हसत टोपली ठेवली आणि पाणी द्यायला गेला.

मग मालकाच्या एका मित्राची मोठी गाडी सरळ स्वयंपाकघराच्या मागे येऊन थांबली. ड्रायव्हरने बर्फाची पेटी उतरवून माझ्या ओट्यावर ठेवली. आता पळसाची पानं नसतात. स्वच्छ पिशव्यांत हाडं काढलेल्या पाठीच्या पट्ट्या, बर्फात लावून ठेवलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, मटण आहे. मी विचारलं नव्हतं. मी पिशवी फोडली आणि अंगठा दाबला. मला दाबायची गरज नव्हती. पापुद्रा दिसत होता.

मी लोणी मऊ करायला घेतलं. लसूण वाटला. पापुद्रे सोलून पट्ट्या मांडून ठेवल्या. त्या वेळेपर्यंत मी ठरवलं काहीच नव्हतं, हात चालत होते. दुपारकडे माळी परत आला, नेहमीची सही करायला. इथे एक वही आहे. स्वयंपाकघरात बागेतून किंवा फाटकावरून जे काही येतं ते त्यात लिहितात आणि खाली माळ्याची सही घेतात, कारण रोजची भाजी तोच आणतो. त्याला फक्त नाव लिहिता येतं. ते तो सावकाश लिहितो, जीभ दातांत धरून, आणि लिहून झालं की एकदा लांब धरून पाहतो. मॅनेजरने वही उघडून ओट्यावर ठेवली. "भाजी-वाजी के साथ में मटन भी लिख दिया है. इधर साइन मार दे." माळ्याने नाक वर केलं. ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, वास तं बोकड्याचा नाही येऊन राहिला."

मॅनेजर फोनमध्ये बघत होता. त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी म्हटलं, "तू आपलं गवत सांभाळ." थट्टेत म्हटलं. तो हसला, आणि त्याने सही केली. माझ्या हाताला लोणी लागलेलं होतं, नाहीतर मी वही बाजूला सारली असती, असं मी सोमवारी स्वतःला सांगितलं. वही बाजूला सारायला कोपरही चालतं.

पाहुण्यांनी उभ्यानेच खाल्लं. मालक स्वतः आत येऊन म्हणाले, असा स्टेक नागपुरातही मिळत नाही. मंगळवारी तलावाच्या काठाला गुरं चारणाऱ्यांना कुत्र्यांनी उकरून काढलेलं चितळाचं डोकं दिसलं, शिंगांसकट. बुधवारी सकाळी जंगलखात्याचे चौकशीवाले आले. सगळ्यांत आधी त्यांनी वही मागितली. वही त्यांना माहीत कशी होती हे मला विचारू नकोस. पान उघडलं, सही पाहिली, आणि माळ्याला बागेतून बोलावलं. त्याने पाइप खाली ठेवला, पाय धुतले, चप्पल घातली. जीपमध्ये चढताना मला दारात पाहून म्हणाला, "बाई, तुमी सांगून देजा जी. मी पुदिना-सांबारच आनला. तुमाले तं मालूम हाय." घाबरलेला नव्हता. मी सांगेन आणि जेवणापर्यंत तो परत येईल, असं त्याच्या तोंडावर होतं. मी मान हलवली. कोणत्या अर्थाने हलवली ते मला सांगता येणार नाही. त्याने होकार समजला.

दुपारी मॅनेजर माझ्या समोर खुर्ची घेऊन बसला. असा तो कधी बसत नाही. म्हणाला, "ताई, आपको बस इतना बोलना है, मटन माली लाया, आपने बकरे का समझ के बनाया. बात खतम." मी म्हटलं, पेटी गाडीतून आली. "कौन सी गाड़ी?" तो म्हणाला. मी गाडीचं वर्णन करायला लागले. त्याने मध्येच थांबवलं, आवाज न चढवता. "ताई, फिर वो पूछेंगे पकाया किसने. तीस साल मटन पकाया आपने, आपको पता नहीं चला? जेल में कौन सा बटर मिलता है?" मग तोच ओशाळला, म्हणाला, "मेरे को भी घर है ताई." ते खरं आहे. त्याला दोन लहान मुली आहेत, तो त्यांचे फोटो दाखवतो.

तेव्हापासून फाटकाशी गाडी वाजली की मी हातातलं ठेवून देते. काल माळ्याची सून आली होती. तिला मी आत बसवलं नाही, जेवायलाही घातलं नाही. फाटकाशीच म्हटलं, बघते. ती म्हणाली, "बाई, ते म्हनत होते, तुमी हाय म्हून फिकीर नाही." म्हणजे त्याने तिथून कोणाबरोबर तरी निरोप पाठवला आहे. ती गेल्यावर मी त्याच्या झुडपांना पाणी घातलं. तीन दिवसांत पुदिना माजला आहे. विलायती काड्या सुकायला लागल्या आहेत. त्यांना किती पाणी लागतं ते त्यालाच माहीत.

आज सकाळी मॅनेजरने माझा जबाब टाइप करून फोनवर पाठवला. उद्या मला तो घेऊन जायचं आहे, तिथे सही करायची आहे. एक पान आहे. खाली लिहिलं होतं, "ताई, पढ़ लो. कुछ गलत लगे तो बताना." मी चारदा वाचला. तुझ्यासारखं मला म्हणता येणार नाही की वाचून दाखवला नाही. हे सगळं लिहायला बसले ते तुला विचारावं म्हणून, की उद्या काय करू. पण लिहिताना दिसतं आहे की विचारायचं काही उरलेलं नाही, आणि हे मी कोणाला दाखवणार नाही. गॅस पेटता आहे, पानं फार नाहीत.

जबाबात लिहिलं होतं की रविवारी सकाळी नऊ वाजता माळ्याने मटण आणून दिलं. नऊ वाजता माळी बागेच्या पंपावर होता. आदल्या रात्रीच उतरलेल्या पाहुण्यांच्या तीन ड्रायव्हरांनी त्याच्याकडून बाटल्या भरून घेतल्या, तिघांनीही त्याला पाहिलं. एवढ्या एका गोष्टीवर तो कागद खोटा ठरला असता. मी नऊच्या जागी साडेअकरा केलं आणि दुपारी मॅनेजरला परत पाठवला.